रेषांची रोजकीर्द

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, टिटवाळा आणि वासिंद यांच्या दरम्यान, भातसा नदीच्या काठी खडवली हे गाव वसले आहे. १ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याण ते वासिंद हा मार्ग खुला झाला. तेव्हापासून या मुलखातून मालाची ने-आण अखंड चालू आहे, आणि जेथे मालाची ने-आण तेथे मोजणी, नोंद आणि पावती ही ओघानेच येतात. पूर्वी हे काम कारकुनाच्या टाकाने होत असे. आज खडवलीहून पडघ्याकडे जाणारा रस्ता ज्या मुंबई-नाशिक महामार्गाला मिळतो, त्या महामार्गाच्या दुतर्फा भिवंडीपर्यंत गोदामांची जी विस्तीर्ण वसाहत उभी राहिली आहे, तीत काम करणाऱ्या तरुण-तरुणींच्या हातात टाकाच्या जागी पिस्तुलाच्या घाटाचे एक छोटे यंत्र असते. खोक्यावरील काळ्या-पांढऱ्या रेषांवर त्याचा तांबडा किरण पडतो, बारीक ‘पीप’ असा आवाज होतो, आणि नोंद पुरी होते. याला ते ‘स्कॅन मारणे’ म्हणतात. गोदामांतून हे यंत्र आता स्टेशनाजवळच्या किराणा दुकानात, औषधांच्या दुकानात आणि ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलावर येऊन पोहोचले आहे. ते विकत घेणारे पुष्कळ. परंतु ते नेमके काय करते आणि काय करीत नाही, हे समजून घेऊन त्याची मांडणी करणारे थोडे. प्रस्तुत लेखाचा हेतू ही उणीव थोडीबहुत भरून काढावी एवढाच आहे.

आरंभ त्या रेषांपासून करणे इष्ट. साबणाच्या वडीवर किंवा बिस्किटांच्या पुड्यावर ज्या रेषा छापलेल्या असतात त्यांच्याखाली तेरा अंकांची एक संख्या असते, आणि रेषा म्हणजे त्याच संख्येचे यंत्राला वाचता येईल असे लेखन होय. भारतातील बहुतेक मालावर ही संख्या ८९० ने सुरू होते. त्यावरून माल भारतात तयार झाला असे अनुमान अनेक जण काढतात. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच, की उत्पादकाने आपला क्रमांक ‘जीएस१ इंडिया’ या संस्थेकडून घेतला आहे. पुढील अंकांत उत्पादकाची आणि त्या विशिष्ट वस्तूची ओळख असते, आणि शेवटचा तेरावा अंक हा पडताळ्याचा असतो. या पडताळ्याची रीत सोपी असून कोणालाही कागदावर करून पाहता येईल. ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घ्यावेत. पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम स्थानांवरील अंकांची बेरीज २८ येते. सम स्थानांवरील अंकांची बेरीज ३४ येते, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. ही संख्या दहाच्या पटीत नेण्यास आणखी काही मिळवावे लागत नाही, म्हणून तेरावा अंक शून्य. वाचताना ४ च्या जागी ९ वाचला गेला, तर बेरीज १३५ होईल, पडताळ्याला ५ हवा असताना छापील अंक शून्य आहे असे आढळेल, आणि यंत्र ते वाचन टाकून देईल. चुकीचा आकडा नोंदवण्यापेक्षा मौन पत्करावे, हा दंडक असा त्या संख्येतच बांधून ठेवलेला आहे.

रेषांची रचनाही तितकीच विचारपूर्वक केलेली आहे. सर्वांत अरुंद रेषेची रुंदी हे एक परिमाण धरले, तर संपूर्ण चिन्ह ९५ परिमाणांचे भरते. दोन्ही टोकांना दोन-दोन बारीक रेषा पहारेकऱ्याचे काम करतात, आणि मध्यभागी तशाच दोन रेषा चिन्हाचे दोन भाग पाडतात. म्हणूनच या तीन जोड्या बहुधा इतरांपेक्षा किंचित खाली उतरलेल्या दिसतात. उरलेल्या जागेत प्रत्येक अंकाला सात परिमाणे मिळतात, आणि तीत दोन काळे पट्टे व दोन पांढऱ्या फटी बसवलेल्या असतात. गंमत अशी, की रेषांनी प्रत्यक्ष लिहिलेले अंक बाराच असतात. डाव्या अर्ध्यातील सहा अंक लिहिण्याच्या दोन पद्धती ठरवलेल्या आहेत, आणि कोणता अंक कोणत्या पद्धतीने लिहिला आहे त्या क्रमावरून सर्वांत पहिला अंक, आपल्याकडील मालावर बहुधा आठ, यंत्र ताडते. शिवाय डावीकडील पहिल्या अंकात काळ्या परिमाणांची संख्या विषम आणि उजवीकडील सर्व अंकांत ती सम असल्यामुळे, पुडा उलटा धरला तरी आपण कोणत्या टोकाकडून वाचीत आहोत हे यंत्राला उमगते.

या कल्पनेचा उगम अमेरिकेत झाला. १९४८ मध्ये फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल या संस्थेत बर्नार्ड सिल्व्हर या तरुणाच्या कानावर एका किराणा साखळीच्या अध्यक्षांची विनंती पडली, की मालाची नोंद गल्ल्यावर आपोआप व्हावी असा काही उपाय कोणी शोधावा. त्याने ती गोष्ट नॉर्मन जोसेफ वुडलँड या मित्राला सांगितली. पुढे मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बोटे ओढताना, तारायंत्राच्या मोर्स लिपीतील बिंदू आणि रेघा खाली लांबवल्या तर त्यांच्या जाड-बारीक रेषा होतील, हे वुडलँडला सुचले. दोघांनी २० ऑक्टोबर १९४९ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि ते ७ ऑक्टोबर १९५२ रोजी मंजूर झाले. परंतु त्यांच्या प्रायोगिक यंत्रात पाचशे वॉटचा दिवा होता, आणि त्याच्या उष्णतेने कागद धुमसू लागे. तीव्र तरीही शीतल प्रकाश आणि स्वस्त संगणक या दोहोंची ती कल्पना वाट पाहत राहिली. पहिला लेसर १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी सिद्ध केला. आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांच्या रेषांच्या आराखड्याला १९७३ मध्ये किराणा व्यवसायाने मान्यता दिली. आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगगमचे एक पाकीट या पद्धतीने विकले गेले. हातात धरण्याजोगी लेसर यंत्रे त्यानंतर, १९८० च्या दशकात, प्रचारात आली.

लोहमार्गालगत राहणाऱ्यांना या इतिहासातील आणखी एक प्रकरण बोधप्रद वाटेल. किराणा दुकानांच्याही आधी, १९६० च्या दशकात, अमेरिकेतील रेल्वेने मालडब्यांच्या बाजूंवर रंगीत पट्ट्यांची पाटी लावून धावत्या गाडीचे डबे यंत्राने ओळखण्याची ‘कारट्रॅक’ नावाची पद्धत अवलंबिली होती. योजना कुशाग्र होती, खर्चही मोठा झाला. तथापि पाट्यांवर धूळ व काजळी साचत गेली, त्या पुसून स्वच्छ ठेवण्याची व्यवस्था टिकली नाही, वाचन बिघडत गेले, आणि १९७० चे दशक संपण्यापूर्वी ती पद्धत गुंडाळावी लागली. यंत्राची बुद्धी कितीही तीव्र असो, ज्या पाटीवर ते विसंबते तिची निगा राखणारे हात नसतील तर ते आंधळेच राहते. हा धडा खडवलीच्या दुकानदारालाही तितकाच लागू आहे.

आता यंत्राच्या अंतरंगाकडे वळू. आत एक लेसर डायोड असतो; त्यातून सुमारे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा किरण निघतो. तो वस्तुतः एक बिंदूच. परंतु समोरचा चिमुकला आरसा सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा इकडून तिकडे डोलत असल्यामुळे आपल्याला एक सलग तांबडी रेघ दिसते. लोकल पुलावरून जाताना लोखंडी तुळयांमधून येणारा प्रकाश प्रवाशाच्या डोळ्यांवर ऊन-सावलीचा जो ठेका धरतो, तसाच ठेका हा बिंदू रेषांवरून धावताना परत येणाऱ्या प्रकाशात उमटतो: पांढरी फट प्रकाश परतवते, काळी रेषा तो गिळते. आतील प्रकाशग्राही हा चढउतार विजेच्या लहरीत बदलतो, आणि प्रत्येक काठ कोणत्या क्षणी आला यावरून पट्ट्यांच्या रुंदीचे परस्परप्रमाण काढले जाते. मोजले जाते ते प्रमाण, प्रत्यक्ष रुंदी नव्हे. म्हणून यंत्र थोडे जवळ धरले काय किंवा दूर धरले काय, अर्थ तोच निघतो. प्रमाणावरून अंक, अंकांवरून पडताळा, आणि पडताळा जुळला की आवाज, एवढा सगळा व्यवहार निमिषार्धात होतो.

यंत्राची जोडणी करणे मुळीच कठीण नाही. साधे यंत्र यूएसबी तारेने संगणकाला जोडले, की संगणक त्याला आणखी एक कळफलक समजतो; वेगळे सॉफ्टवेअर बहुधा लागत नाही. बिनतारी यंत्र असेल तर त्याच्याबरोबर आलेला छोटा संदेशग्राहक (रिसीव्हर) संगणकात खोचून, पुस्तिकेतील जुळणीचे चिन्ह वाचून घ्यावे लागते. यानंतर थेट बिलाच्या पडद्याकडे धाव न घेता, प्रथम नोटपॅडचे कोरे पान उघडावे आणि एखादा पुडा वाचून पाहावा. पुड्यावरील तेरा अंक जसेच्या तसे उमटले, तर यंत्र निर्दोष आहे आणि पुढील अडचण आलीच तर ती बिलाच्या सॉफ्टवेअरची आहे, हा निर्णय एका क्षणात होतो. उमटलेल्या अंकांनंतर कर्सर पुढच्या ओळीवर गेला का, तेही पाहावे. न गेल्यास प्रत्येक वस्तूमागे ‘एंटर’ची कळ हाताने दाबावी लागेल आणि यंत्राचा अर्धा लाभ वाया जाईल.

यंत्राला अशा आज्ञा द्यायच्या त्याही रेषांनीच. त्याच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत आज्ञांची चिन्हे छापलेली असतात: मूळ स्थितीवर आणणे, वाचनानंतर ‘एंटर’ किंवा ‘टॅब’ पाठवणे, आवाज कमी-अधिक करणे, खटका दाबल्यावरच किरण निघावा की तो सतत चालू राहावा हे ठरवणे. पहिले काम म्हणजे मूळ स्थितीचे चिन्ह वाचून घेणे, विशेषतः यंत्र कोणी आधी वापरलेले असेल तर. नंतर हव्या त्या आज्ञा एकेक द्याव्यात, आणि देताना शेजारची चिन्हे कोऱ्या कागदाने झाकावीत. कारण किरणाची रेघ लांब असते आणि ती नकळत शेजारच्या चिन्हावर पडून भलतीच आज्ञा देऊन बसते. मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. संगणक यंत्राला कळफलक मानीत असल्यामुळे, त्या वेळी मराठी कळफलक चालू असेल तर क्रमांकातील रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरे उमटतात, आणि काही मांडण्यांत अंकही बदलतात. यंत्र बिघडले असे समजून ते दुरुस्तीला नेण्यापूर्वी कळफलक इंग्रजीवर आहे ना, कॅप्स लॉक बंद आहे ना, एवढे पाहून घ्यावे. त्याचप्रमाणे चिन्हांचे जे प्रकार आपल्या दुकानात येतच नाहीत ते पुस्तिकेच्या साहाय्याने बंद करून ठेवावेत. काही जुन्या प्रकारांत अर्धवट पडलेल्या किरणानेही अपुरा क्रमांक खरा म्हणून स्वीकारला जाण्याचा धोका असतो.

वापरण्यात थोडी हातोटी आहे, आणि ती दोन दिवसांत साधते. तांबडी रेघ सर्व रेषांना छेदून दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेपर्यंत गेली पाहिजे. ती कोरी जागा हाही चिन्हाचाच भाग असून, तीवर किमतीचे स्टिकर चिकटवले तर उत्तम छापलेले चिन्हसुद्धा वाचले जात नाही. यंत्र अगदी काटकोनात न धरता किंचित तिरपे धरावे. सरळ धरल्यास चकचकीत वेष्टनावरून किरण आरशासारखा थेट परततो आणि यंत्र दिपून जाते. वेफर्सच्या फुगीर पिशवीवरील चिन्ह बोटांनी ताणून सपाट करावे. किरण तांबडा असल्यामुळे तांबड्या शाईच्या रेषा त्याला पांढऱ्याच दिसतात, ही गोष्ट आपली लेबले छापून घेणाऱ्या गृहउद्योगांनी व बचत गटांनी अवश्य लक्षात ठेवावी: पांढऱ्यावर काळा हा सर्वांत निर्धोक मेळ. मोबाइलच्या पडद्यावरील चिन्ह लेसर यंत्राला सहसा वाचता येत नाही, आणि पैसे देण्याचा चौकोनी क्यूआर कोड तर मुळीच नाही. ती कामे छायाचित्र टिपणाऱ्या ‘इमेजर’ जातीच्या यंत्रांची, आणि खरेदीपूर्वीच आपली गरज कोणती ते ठरवावे. किरण अल्पशक्तीचा, बहुधा एक मिलिवॉटच्या आतला असतो आणि पापणी मिटण्याची स्वाभाविक क्रिया डोळ्याचे रक्षण करते. तरीही तो कोणाच्या डोळ्यांवर रोखू नये, आणि लहान मुलांच्या हाती खेळणे म्हणून यंत्र देऊ नये. पुढची काच मऊ कापडाने पुसावी. भातसेच्या खोऱ्यातील पावसाळी दमट हवेत आणि उन्हाळ्याच्या धुळीत ही काच जितकी लवकर मळते तितक्या लवकर ते कोणाच्या लक्षात येत नाही.

इतके झाले तरी खरी मांडणी अजून व्हायचीच असते. रेषांत वस्तूचे नाव नसते, किंमत नसते, वापराची मुदतही नसते. असतो तो केवळ क्रमांक. त्या क्रमांकापुढे नाव, किंमत, कराचा दर आणि शिल्लक ही दुकानदाराला स्वतःच्या यादीत आधी भरावी लागतात, आणि ही यादी म्हणजेच त्याचे दप्तर. जुन्या पेढीवर रोजकीर्दीतील प्रत्येक रक्कम खतावणीत योग्य खात्याला गेली नाही, तर जमाखर्चाचा मेळ बसत नसे, येथेही तेच. एकाच साबणाचा जुना साठा एका छापील किमतीचा आणि नवा दुसऱ्या किमतीचा असतो, क्रमांक मात्र दोहोंचा एकच. अशा वेळी यादीत दोन्ही किमती ठेवून, बिल करताना पुड्यावरची कमाल किरकोळ किंमत डोळ्यांनी पाहावी लागते. गिऱ्हाइकाने चार उदबत्तीचे पुडे घेतले आणि विक्रेत्याने एकच वाचून चाराने गुणले, परंतु त्यांत दोन मोगऱ्याचे व दोन चंदनाचे होते, तर बिल बरोबर येते आणि शिल्लक मात्र बिघडते: कागदावर मोगरा संपतो आणि फळीवर तो तसाच पडून राहतो. म्हणून प्रत्येक नग वेगळा वाचावा. गोदामांत तर आधी फळीवरचे चिन्ह आणि मग वस्तूवरचे, असे दुहेरी वाचन असते. वस्तू कोणती याबरोबरच ती कोठे आहे याचीही नोंद व्हावी हा त्यातील हेतू.

सुट्या मालाचा प्रश्न निराळा. तांदूळ, डाळी, गूळ यांच्या दुकानातच बांधलेल्या पिशव्यांवर आपले चिन्ह आपणच लावावे लागते, आणि त्यासाठी २० ते २९ यांनी सुरू होणारे क्रमांक अंतर्गत वापराकरिता राखून ठेवलेले आहेत; स्वतःच्या मनाने ८९० चा क्रमांक रचणे म्हणजे दुसऱ्या कोणाच्या मालाची ओळख बळकावणे होय. लेबलांच्या कागदाचीही निवड करावी लागते. निव्वळ उष्णतेने छापणारा कागद स्वस्त असतो, पण ऊन आणि उष्मा यांनी फिका पडतो. महिनाभरात विकल्या जाणाऱ्या पिशवीला तो पुरेसा आहे. वर्षानुवर्षे टिकावयाच्या लेबलाला मात्र फितीच्या साहाय्याने शाई उमटवणारी छपाईच हवी.

असे टिकाऊ लेबल लागते ते ग्रंथालयांना. ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ पासूनचे. ज्या जिल्ह्याला अशी परंपरा आहे तेथील लहान गावच्या वाचनालयानेही या यंत्राचा विचार करण्यास हरकत नाही. पुस्तकाच्या मलपृष्ठावर ९७८ ने सुरू होणाऱ्या रेषा असतातच. पण त्या पुस्तकाच्या आवृत्तीची ओळख सांगतात, प्रतीची नव्हे. एकाच कादंबरीच्या तीन प्रती असतील तर त्या तिन्हींच्या रेषा एकच. वाचकाने नेली ती नेमकी कोणती प्रत हे कळावयाचे, तर दाखल नोंदवहीतील क्रमांकाचे स्वतंत्र लेबल प्रत्येक प्रतीला लावले पाहिजे, आणि त्यासाठी अक्षरे व अंक दोन्ही सामावणारे ‘कोड ३९’ किंवा ‘कोड १२८’ हे प्रकार सोयीचे पडतात. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याला स्थान आहे. देवघेवीच्या टेबलाशी खोळंबणारी रांग ज्याने पाहिली आहे त्याला या यंत्राचे त्या सूत्राशी असलेले नाते सांगावे लागणार नाही. वार्षिक ग्रंथगणनेत तर यंत्र कपाटाकपाटाशी नेऊन, हरवलेल्या व चुकीच्या जागी गेलेल्या प्रतींची यादी अल्पावधीत हाती येते.

दहावीच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर आपल्या हाताने बारकोडचे स्टिकर चिकटवलेल्या पिढीला ही चिन्हे अपरिचित नाहीत. अपरिचित आहे ती त्यांच्यामागची शिस्त. हे यंत्र अत्यंत प्रामाणिक असा लेखनिक आहे: जे समोर येईल ते तो बिनचूक उतरवतो, संशय आला तर गप्प राहतो, आणि संध्याकाळपर्यंत थकत नाही. मात्र जे यादीत चुकीचे भरले असेल ते तितक्याच निष्ठेने, दिवसातून शंभरदा, तो चुकीचेच सांगत राहतो. यास्तव जो कोणी दुकानदार वा ग्रंथपाल हे यंत्र घेऊ इच्छितो, त्याने प्रथम फळीवरील एकूण एक वस्तू हाती घेऊन यादी करावी, तिचा पडताळा दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावा, आणि नवा माल आला की फळीवर चढवण्यापूर्वी त्याची नोंद करण्याचा नेम पाळावा. या कामाला वेळ लागतो आणि त्यात कौतुकास्पद असे काही दिसत नाही. परंतु गिऱ्हाइकाला योग्य भावाचे बिल आणि वाचकाला हवे ते पुस्तक मिळते ते याच कामाच्या बळावर, आणि यंत्राचे मोल चुकवल्याचे समाधानही त्यातूनच पदरी पडते.